माय धाकट्याकडे, बाप थोरल्याकडे

मी ज्या ठिकाणी व्यवस्थापकाची नोकरी केली त्याचं कागदावरचं नाव फार लांब होतं. त्यात 'ज्येष्ठ' होतं, 'स्वावलंबी' होतं, 'आनंद' होता आणि शेवटी दम लागल्यासारखं 'संकुल' होतं. वाशीमहून मंगरूळपीरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे ऑटोवाले त्याला 'म्हाताऱ्यायची कॉलनी' म्हणत. मला ऑटोवाल्यांचं नाव पटायचं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्याआधी मी एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. आधी पुस्तकं सांभाळली, मग माणसं. फरक एवढाच जाणवला की पुस्तक न्यायला आलेला माणूस ते निदान उघडून बघतो. घर बघायला येणारे बहुतेक लोक कमानीखाली फोटो काढून परत जात.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा वृद्धाश्रम नव्हता. वृद्धाश्रमात माणसाला ठेवतात. इथे माणसानं स्वतःहून येऊन राहायचं होतं. बैठ्या घरांच्या रांगा, प्रत्येक घराला एक खोली, स्वयंपाकाची जागा, न्हाणी-संडास, पुढे बसायला ओटा आणि मागे हातभर माती. आपलं कुलूप आपण लावायचं, आपला चहा आपण करायचा. ज्याला स्वयंपाकाचा कंटाळा आला त्याच्यासाठी जेवणघर. सकाळी एक नर्सबाई फेरी मारून जात. अट एकच. आंघोळ, कपडे, गोळ्या आणि गॅसची खुंटी या चार गोष्टी ज्याच्या त्याला जमल्या पाहिजेत. जमेनाशा झाल्या की घर सोडायचं. ही अट माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर होती. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो होता, त्यामुळे शेवटच्या पानापर्यंत कुणी पोचत नसे.

लोक येत ते रविवारी, गाडी भरून, अगदी मुलगी बघायला आल्यासारखे. मुलगा विचारी, सून विचारी, जावई भिंतीवर बोटानं ठोकून बघे. ज्याला राहायचं आहे तो म्हातारा मधल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलेला. चहा आला की मुलगा सांगे, "बाबांना साखर चालत नाही." बाबा समोरच असत, त्यांना बोलताही येत असे. म्हणून मी एक पद्धत पाडली होती. रिकामं घर दाखवायला निघालो की किल्ली मुलाच्या हातात न देता म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायची आणि आपण मागे राहायचं. काही जण किल्ली तशीच मुलाकडे सरकवत. काही जण मात्र स्वतः कुलूप उघडत, आत जात आणि दार लोटून घेत. अशांचं काय ठरलं ते मला दाराबाहेरच कळे.

काय बघावं, हे मी सगळ्यांना सांगायचो. देऊळ बघू नका, बागेतला सिमेंटचा हत्ती बघू नका. न्हाणीचा उंबरठा बघा. पलंगावरून उठून संडासापर्यंत भिंतीचा आधार मिळतो का ते बघा. जेवणघरात लोक नुसते जेवतात की बोलतातही, ते बघा. आणि बघायचंच असेल तर मे महिन्यात भर दुपारी या, म्हणजे जेवणघर किती लांब आहे ते समजेल. मे महिन्यात भर दुपारी कुणीही आलं नाही.

तऱ्हेतऱ्हेची माणसं बघितली. एका निवृत्त अधिकाऱ्यांची एकच चौकशी होती की दारावरच्या पाटीत 'माजी' हा शब्द न लिहिता हुद्दा लिहिता येईल का. एक बाई तीनदा आल्या. दर वेळी रिकाम्या घराची खिडकी ओल्या फडक्यानं पुसली, ओट्यावर घटकाभर बसल्या आणि घरी गेल्या. त्यांना घर नको होतं. कुणाला न विचारता कुठेतरी जाऊन यायचं होतं. किन्हीराजाकडचे एक गृहस्थ आले, त्यांनी घर पाहिलंच नाही. "शेजारी कोण हाये?" एवढं विचारलं आणि सबंध सकाळ त्या शेजाऱ्याजवळ बसून काढली. जाताना म्हणाले, "जमते." माझ्या हिशेबी घर नीट निवडणारा तो पहिला माणूस.

दौलतकाका आणि कौसाबाई मात्र रविवारी आले नाहीत. ते मंगरूळपीरच्या बाजाराच्या दिवशी ऑटोतून आले. दोघंच. काकांच्या धोतराला ओल्या पालेभाजीचा वास, हातात रिकामं टोपलं. कौसाबाईंच्या हातात बाजाराची पिशवी, तीही रिकामी.

"पोरं कुठे आहेत?" मी सवयीनं विचारलं.

"हायेत ना. दोन हायेत," काका म्हणाले. "म्हणूनच आलो."

इंझोरीकडचं हे माळ्याचं कुटुंब. विहिरीवर भाजीचं रान. वांगी, मेथी, सांबार. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दोन मुलगे. थोरला प्रल्हाद गावात शेती करणारा, धाकटा दिनकर वाशीमला दुकान टाकून बसलेला. भाऊ वेगळे झाले तेव्हा रीतसर वाटणी झाली. रान वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, बैल वाटले आणि शेवटी आईबाप वाटले. माय धाकट्याकडे, बाप थोरल्याकडे. धाकट्याची लेकरं लहान, त्यांना आजी हवी. थोरल्याला रानात हात हवा. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट दोन्ही मुलं सांभाळतात, म्हणून गावात त्यांचं नाव चांगलं होतं.

तेव्हापासून नवरा-बायकोची भेट बाजारात होत असे. काका भाजी घेऊन बसायचे. कौसाबाई वाशीमहून एसटीनं यायच्या. सून म्हणायची, वाशीमात काय भाजी भेटत नाई? त्या पिशवी घेऊन निघायच्या.

"उभ्या जन्माची बायको मी," कौसाबाई मला म्हणाल्या, "अन् गिऱ्हाईकासारखी समोर उभी राहून बोलतो. मधात कोणी मेथी मागाले आलं का हे तिकडे पाह्यतात."

"मंग काय करू? मेथी सुकून राह्यली असते," काका म्हणाले.

"मेथी सुकते थे दिसते यायले."

त्यांना काय हवं होतं ते सरळ होतं. एका छपराखाली राहायचं. विहिरीजवळचा एक तुकडा काकांनी स्वतःच्या नावावर ठेवला होता, त्याच्या मक्त्यावर इथला खर्च निघणार होता. मी त्यांना किल्ली दिली. बहुतेक लोक जेवणघराजवळचं घर मागतात. हे दोघं चालत चालत शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या घराशी गेले. कौसाबाई आत शिरल्या. काका मागे गेले, वाकले, मूठभर माती उचलली, बोटांत चुरली आणि टाकली.

"हे घर," ते म्हणाले.

"नर्सबाईंना इथवर यायला वेळ लागतो, काका."

"सांबाराले नर्स लागत नाई, साहेब."

आमच्याकडे कायमचं घर देण्याआधी पंधरवडाभर राहून बघायची पद्धत होती. नर्सबाईंनी त्या दिवसांत सांगितलं की कौसाबाई एखादी गोष्ट विसरतात, तेच तेच विचारतात, पण कामं त्यांची त्या करतात. त्या वयात एवढं चालतं. शेजारच्या घरात रऊफचाचा राहत. कारंज्याचे शिलाईवाले, बायको गेलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्यांनी पहिल्याच दिवशी काकांना विचारलं, "काहून बे दौलतभाऊ, पळवून आणली काय?"

"आपलीच आणली," काका म्हणाले.

पंधरवडा अर्धा झाला नव्हता तोच जीप आली. प्रल्हाद, दिनकर, त्यांचे मामा आणि गावातले एक वजनदार गृहस्थ, ज्यांना अशा वेळी नेतात. मी खुर्च्या मागवल्या. काका आणि कौसाबाई ओट्यावर बसून राहिले. रऊफचाचा आपल्या ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून ऐकत होते.

"बाबा, गावात तोंड दाखवाची सोय नाई ठेवली तुमी," प्रल्हाद म्हणाला. "लोक म्हणून राह्यले, प्रल्हादनं बापाले हाकललं. काय कमी केलं मी?"

दिनकर आईकडे वळला. "माय, तुले येगळी खोली देल्ली. कूलर देल्ला, टीव्ही देल्ला."

"देल्ला बाप्पा," कौसाबाई म्हणाल्या. "कूलर लय चांगला हाये. बोलत नाई, तेवढंच."

वजनदार गृहस्थांनी घसा साफ करून कुटुंब, संस्कार आणि आपली माती या विषयांवर थोडं मार्गदर्शन केलं. ते स्वतः मुलापासून वेगळे राहत, हे मामांनी मला नंतर जीपजवळ सांगितलं. त्यांचं बोलणं संपलं. मग प्रल्हाद उठला आणि म्हणाला, "ठीक हाये. दोघंई चाला माझ्याकडे. आत्ताच. सामान गाडीत टाका."

जे मागायला ती दोघं एवढ्या लांब आली होती ते समोर येऊन पडलं होतं. मी मनात म्हटलं, हे घर गेलं आणि बरं झालं. काका उठले. पायानं जोडा चाचपला आणि एक पाय घातला. कौसाबाई हलल्या नाहीत.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?"

"दोघायले किती दिवस ठेवशीन? पेरणीवरी का दिवाळीवरी? मंग पुन्हा वाटे करसान."

"माय, काहीबी काय बोलून राह्यली?"

"तवा तुमी वाटे करत व्हते, मी चुलीजोळ बसून आयकत व्हतो. इहीर झाली. बैल झाले. कोठा झाला. मंग कोणीतरी म्हटलं, मायचं कसं? म्या म्हटलं, आता हे बोलतीन." त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली. "तुमी तंबाखू मळत बसले."

रऊफचाचांनी पेपर खाली ठेवला. सगळे काकांकडे बघू लागले. ते एका पायात जोडा घालून उभे होते. रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी पायातला जोडा काढला आणि बायकोच्या शेजारी येऊन बसले.

"जा रे पोरहो," ते म्हणाले. "जेवून जा. पण जा."

प्रल्हाद जेवला नाही. जीपमध्ये बसताना त्याचे डोळे भरले होते. तो वाईट मुलगा नव्हता. दिनकरही नव्हता. या धंद्यात मला वाईट माणसं भेटली असती तर काम पुष्कळ सोपं झालं असतं.

पुढे ती दोघं तिथे राहिली. मागच्या मातीत सांबार आलं, मेथी आली, आणि जेवणघराच्या वरणाला वास आला. कौसाबाई घरीच रांधत. तो हट्ट होता. "दुसऱ्याच्या सैपाकघरात जलम गेला, आता माझ्या चुलीत जाऊ द्या," म्हणायच्या. काका ओट्यावर बसून भाजी निवडून देत. दोघं सारखी भांडत. काय विषय असे? मीठ. दार. कोणती म्हैस कोणत्या साली विकली. वर्षानुवर्षं तुंबलेलं भांडण त्यांनी तिथे मनसोक्त मोकळं केलं.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्या रांगेला एकदम फार प्रेम फुटलं. स्वयंपाकाच्या वेळी रऊफचाचा शेवटच्या घरी चहाला जायचे. ते उठले की समोरच्या मास्तरीणबाई मीठ मागायला जायच्या. मीठ रोज कसं संपतं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मात्र घर बघायला येणाऱ्यांना ती रांग कौतुकानं दाखवत होतो. बघा, म्हणत होतो, शेजार कसा असावा.

आमच्याकडची माणसं काय करत, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर आहे: लपवत. ज्याला पडल्यावर घर जाईल अशी भीती असते तो पडल्याचं सांगत नाही. हात कापतो म्हणून कप अर्धाच भरतो आणि चहा कमी केलाय म्हणतो. अट आम्हीच घातली होती, तेव्हा लपवणंही आम्हीच शिकवलं होतं.

त्या वर्षी अध्यक्षांच्या मनात 'आदर्श दांपत्य सत्कार' आला. अध्यक्षांना वर्षातून एकदा काहीतरी मनात येतच असे, आणि जे येई त्याला मंडप लागे. मुलांनी वेगळी केली तरी हट्टानं एकत्र आलेली जोडी म्हणून दौलतकाका-कौसाबाईंचं नाव कुणीतरी सुचवलं. निवड चुकीची नव्हती. मंडप चुकीचा होता. एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये असा निरोप आला, म्हणून सगळ्या रांगांतून सगळ्यांना आणून बसवलं. रऊफचाचा "माझा गुडघा दुखते" म्हणत होते. त्यांना मी स्वतः हाताला धरून आणलं. मास्तरीणबाईंना पहिल्या ओळीत जागा दिली.

व्यासपीठावर दोघांच्या खांद्यांवर शाली पडल्या, हातात नारळ आले. काका संकोचानं खाली बघत होते. अध्यक्ष एकत्र कुटुंबपद्धतीवर बोलत होते आणि नुकतेच तिसऱ्या सुभाषितापर्यंत आले होते. तेव्हा रऊफचाचा उठले आणि धावत सुटले. ज्या माणसाला मी कधी भराभर चालताना पाहिलं नव्हतं, तो लुंगी सावरत शेवटच्या रांगेकडे धावला. त्यांच्या मागोमाग मास्तरीणबाई. धूर आम्हा बाकीच्यांना त्यानंतर दिसला.

कुणाला इजा झाली नाही. वरणाचं पातेलं कोळसा झालं, पडदा जळाला, एक भिंत काळी झाली. खुंटी बंद करून रऊफचाचा दारातच खाली बसले होते. "रोज कोनी ना कोनी राह्यते, साब," ते धापा टाकत म्हणाले. "आज तुमी सगळेच उचलून नेले."

मागून कौसाबाई आल्या. शाल अजून खांद्यावर होती. त्यांनी काळ्या भिंतीकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "कोणाचं घर जळून राह्यलं, साहेब?"

समितीची बैठक बसली. मी म्हटलं, जोडपं असेल तर दोघांचं मिळून एक माणूस धरा. एकाचे हात आणि दुसऱ्याचं डोकं चालत असेल तर चालू द्या. ती रांग एवढे दिवस तेच करत होती. फार तर गॅस काढून घ्या, जेवण जेवणघरातून जाऊ द्या. माझी सूचना चांगली आहे असं सर्वांनी म्हटलं आणि ती विचाराधीन ठेवली. निर्णय झाला तो असा: कौसाबाईंना आता स्वावलंबी म्हणता येत नाही, त्यांना धाकट्या मुलाकडे पाठवावं. काकांचं घर मात्र काकांकडेच राहील. "आपण माणुसकी सोडलेली नाही," अध्यक्ष म्हणाले.

सांगायला मला जायचं होतं. काका मागे खुरपत होते. कौसाबाई ओट्यावर सांबाराच्या काड्या निवडत होत्या. पानं टाकून काड्या ठेवत होत्या, आणि काकांनी त्यांना तसं करू दिलं होतं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. काका खुरपं न थांबवता ऐकत होते.

"म्हंजे हे दिनकरकडे," ते म्हणाले.

"हो."

"अन् मी इथं."

"तुमच्या घराला काही होणार नाही, काका."

त्यांनी खुरपं मातीत टोचलं. "साहेब, तुमी बी वाटेच केले."

आवाजात राग नव्हता. रवा-साखर संपल्याचं सांगावं तसं ते म्हणाले. दोन मुलांनी गावच्या रीतीनं जे केलं तेच आम्ही समितीच्या ठरावानं केलं होतं. आमचा ठराव फक्त टाइप केलेला होता.

काका हात धुऊन आले. "प्रल्हादले फोन लावून द्या," म्हणाले. मी लावून दिला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. काका जे बोलले ते सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

"आमी दोघं निंघून राह्यलो. एकाले ठेवाचं नाई. दोघंई ठेवाचे, एका खोलीत, मरेवरी. जमत नसन तं आत्ताच सांग, मी दुसरी जागा पाह्यतो... कोणाले इचाराचं थे इचार. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी प्रल्हाद आला. बरोबर त्याची बायको मंदा होती. मागच्या वेळी जीपमधून तिला कुणी आणलं नव्हतं. ती कुणाशी न बोलता थेट घरात शिरली. न्हाणीत गेली, भिंतीतली दांडी धरून सगळा भार टाकून पाहिला. उंबरठा पायानं चाचपला. पलंगापासून संडासापर्यंत चालून आली. इतकी वर्षं मी लोकांना जे जे बघा म्हणून सांगत होतो ते कुणी न सांगता बघणारी ती पहिली.

"रस्ता सापडते का यायले संडासचा?" तिनं मला विचारलं. "अन् घाबरतात कवा? दिवेलागणीले का पहाटे?"

मी जे माहीत होतं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि ओट्यावर येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"वाटे केले तवा मले कोणी इचारलं नाई," ती म्हणाली. "करणार तं मीच व्हतो. आता मी सांगतो. दोघंई आपल्याकडे. सैपाक माझा. मायचं अंग धुणं तुमचं."

"माणसानं मायले आंघोळ घालाची?" प्रल्हाद म्हणाला.

"मायनं माणसाले घातली नव्हती काय?"

पलीकडच्या ओट्यावरून रऊफचाचा म्हणाले, "बोल ना आता, पैलवान."

"अन् दिनकरभाऊजी दर रविवारी येऊन बसतीन," मंदा पुढे म्हणाली. "मले मायेरी जाची मुभा पाह्यजे. जमते तं सामान उचला, नाई तं मी बी इथंच एक घर पाह्यतो."

प्रल्हाद आत गेला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन बाहेर आला. काकांनी कौसाबाईंचा हात धरला. "अवं, चाल," ते म्हणाले. त्यांनी विचारलं, "कुठी?" काका म्हणाले, "माझ्या संग." तेवढं त्यांना पुरलं.

नंतरची हकिकत मला प्रल्हादनंच सांगितली, मंगरूळपीरच्या बाजारात, बापाच्याच जागी भाजी घेऊन बसला होता तेव्हा. आईला तो शेवटी ओळखू येत नव्हता. पहिले काही दिवस आंघोळीला ती ओरडायची, त्याला मारायची, गावात हसू झालं. "मंग मले समजलं, साहेब. पाणी आधी तिच्या हातात द्याचं. तिनं आपल्या हातानं एक तांब्या डोक्यावर घेतला का मंग पोरीसारखी बसे." कौसाबाई गेल्या तेव्हा काका त्याच खोलीत होते. अजून असतात. मंदा अटींपैकी एकही विसरलेली नाही. दिनकर रविवारी येतो. मी मेथीची जुडी घेतली. त्यानं सांबार वरून तसंच टाकलं.

माझी सूचना अजून विचाराधीन आहे. भिंत मात्र लगेच रंगवून घेतली.

नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी एक बदल केला. जोडपं घर बघायला आलं की मुलांना नर्सबाईंबरोबर जेवणघर दाखवायला पाठवायचं, त्या दोघांना खोलीत बसवायचं आणि विचारायचं: उद्या तुमच्यापैकी एकाला जमेनासं झालं तर इथल्या नियमानं त्याला जावं लागेल. तेव्हा दुसऱ्यानं काय करायचं? राहायचं, की बरोबर निघायचं? आणि निघून जायचं कुठे? हे आज ठरवा, मग घर बघा. अध्यक्षांना हे आवडलं नाही. गिऱ्हाईक बिथरतं, म्हणाले. बिथरायचंही. काही जण चहा न घेता गेले. काही नवरे लगेच म्हणत, "तशी वेळ येणार नाही," आणि बायका काही म्हणत नसत.

प्रश्न विचारून झाला की मी खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राही. एकदा आसेगावकडचं एक जोडपं आलं होतं. दोघंही शांत माणसं. मी विचारलं आणि खिडकीशी गेलो. मग बाई म्हणाल्या, "साहेब, तुमी जराशे बाहेर जाता काय? आमाले बोलाचं हाये."

मी बाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं.